एक म्हणेपर्यंत

रविवारच्या मराठी वर्गात एका मुलीने ‘आमच्या घरचा पाऊस’ हा निबंध लिहून आणला. पहिल्या वाक्याच्या शेवटी टिंब असायला हवे तिथे तिने उभी रेघ मारली होती. दुसऱ्या वाक्यानंतर टिंब होते, तिसऱ्यानंतर पुन्हा रेघ. मी लाल पेन उचलले आणि परत खाली ठेवले. ही मुलगी आठवड्याचे सहा दिवस शाळेत हिंदी लिहिते. तिथे वाक्य उभ्या दंडाने संपते. सातव्या दिवशी दोन तास मराठी लिहिते, तिथे ते टिंबाने संपते. घरी जाताना भोपाळच्या चौकातून, इब्राहिमपुऱ्यातून गेली, तर दुकानांच्या पाट्यांवर उर्दू दिसते, आणि उर्दूचा पूर्णविराम म्हणजे एक छोटीशी आडवी रेघ. उभी रेघ, आडवी रेघ आणि टिंब. एकाच शहरात वाक्य थांबवण्याच्या तीन तऱ्हा आहेत, आणि या मुलीचा हात तिन्हींच्या मधून वाट काढतो आहे.

मग माझ्या लक्षात आले, की तिचा एकही स्वल्पविराम परका नव्हता. चुकीच्या जागी होते, पण आकार बरोबर होता. हिंदीत तो तसाच, मराठीत तसाच. उर्दूत तो उलटा होतो, कारण ती लिपी उजवीकडून डावीकडे चालते, तेव्हा तिच्याबरोबर तोही तोंड फिरवतो. संपण्याच्या खुणा तिघींच्या तीन, मध्ये थांबण्याची खूण मात्र एकच. त्या दिवशी ठरवले, की दंडावर एक शब्दही बोलायचा नाही. शिकवायचा तो स्वल्पविराम.

भोपाळमध्ये मराठी का शिकवायची, असे नवखा माणूस विचारतो. 1 नोव्हेंबर 1956 ला नवा मध्य प्रदेश झाला आणि राजधानी भोपाळला आली. त्याआधीच्या मध्य प्रदेशाची राजधानी नागपूर होती. विदर्भाचे आठ जिल्हे मुंबई राज्यात गेले, आणि सचिवालयाच्या फायलींबरोबर नागपूरची कितीतरी मराठी घरे इकडे आली. त्यांत माझ्या वडिलांचे घर होते. पुढे पिपलानीला अवजड विद्युत यंत्रांचा कारखाना उभा राहिला, तिथल्या नोकऱ्यांनी आणखी माणसे आणली. इंदूर, ग्वाल्हेर, देवास, धार इथली जुनी मराठी घराणी होतीच. आता तिसरी पिढी आहे. या मुलांना मराठी ऐकू येते, बोलता येते, पण वाचायला मिळत नाही. आजीची हाक त्यांना ओळखीची आहे, पुस्तकाचे पान अनोळखी. कान आणि डोळा यांच्यामध्ये जे अंतर पडले आहे, त्यातच स्वल्पविराम बसतो. म्हणून मी त्याच्यापासून सुरुवात करते.

मला लहानपणी शिकवले ते असे: स्वल्पविरामाला एक म्हणेपर्यंत थांबा, अर्धविरामाला दोन म्हणेपर्यंत, पूर्णविरामाला त्याहून जास्त. शिकवणाऱ्या बाईंना कदाचित ठाऊक नसेल, पण ही रीत फार जुन्या घराण्यातली आहे. वेदपठणाच्या शास्त्राने दोन पदांमध्ये किती मात्रा थांबायचे ते मोजून ठेवले. पाणिनीने ध्वनी थांबण्यालाही संज्ञा दिली, अवसान. उच्चार नसणे हीसुद्धा नाव देण्याजोगी गोष्ट आहे, हे ज्या परंपरेला कळले होते तिच्यात ‘स्वल्पविराम’ हा शब्द शोभतो. हिंदी त्याला अल्पविराम म्हणते. मराठीने त्यात आणखी एक ‘सु’ घातला: अल्प नव्हे, अगदीच अल्प.

मीही वर्गात तेच सांगितले. श्वास घ्याल तिथे स्वल्पविराम द्या. पुढच्या रविवारी एका मुलाने पाऊण पान लिहून आणले, त्यात एकही स्वल्पविराम नव्हता. विचारले तेव्हा तो सरळपणे म्हणाला, “मावशी, मला श्वास लागलाच नाही.” हा मुलगा मोठ्या तलावावर रोज पहाटे होडी वल्हवायला जातो. त्याचा दम मोठा आहे. त्याच्या शेजारची मुलगी दम्याने हैराण असते. तिच्या वहीत दर तीन शब्दांनी स्वल्पविराम होता. तिचे एक वाक्य मला अजून आठवते: “मोठ्या तलावाच्या काठावर राहणारी माझी मावशी, काल, आमच्याकडे आली.” मावशी एका बाजूला पडली आणि तिचे येणे दुसऱ्या बाजूला.

दोघांनीही मी सांगितलेलेच प्रामाणिकपणे केले होते. चूक माझ्या सांगण्यात होती. श्वास माणसाचा असतो, वाक्याचा नसतो. प्रत्येकाच्या फुप्फुसावर विरामचिन्हे ठरू लागली, तर लिहिलेले फक्त लिहिणाऱ्यालाच वाचता येईल. मग स्वल्पविराम नेमके काय सांगतो? हे मला आधी स्वतःला समजून घ्यावे लागले, आणि ते एका साडीने समजावले.

माझ्याकडे दोन माहेश्वरी साड्या आहेत. एक आईची, एक माझी. अहिल्याबाई होळकरांनी महेश्वरला विणकर वसवले, त्या परंपरेतले हे वस्त्र. काठ असा विणलेला, की साडी दोन्ही बाजूंनी नेसता येते. एका रविवारी दोन्ही साड्या वर्गात नेल्या आणि फळ्यावर लिहिले: ‘लाल काठाची साडी’. विचारले, यातली कोणती? आईची साडी करडी आहे आणि काठ लाल. माझी साडीच लाल, काठ जरीचा. निम्म्या मुलांनी आईच्या साडीकडे बोट दाखवले, दोघा-तिघांनी माझ्या. मग मी ‘लाल’च्या पुढे एक स्वल्पविराम काढला: ‘लाल, काठाची साडी’. सगळी बोटे माझ्या साडीकडे वळली. शब्द तेच, क्रम तोच. एका खुणेने लाल रंग काठावरून उचलला आणि साडीवर ठेवला.

मग मी ‘लाल’ पुसून ‘हिरवा’ घेतला. हिरवा काठ असेल तर आपण म्हणतो ‘हिरव्या काठाची साडी’. साडी हिरवी असेल तर ‘हिरवी काठाची साडी’. इथे स्वल्पविराम नसला तरी कोणी फसत नाही. ‘हिरव्या’ हे सामान्यरूप काठाचा हात धरते, ‘हिरवी’ हे रूप साडीचा. काठाच्या मागे ‘ची’ लागली, म्हणून त्याचे विशेषणही वाकले. ‘लाल’ मात्र वाकत नाही. ‘गुलाबी’ नाही, ‘सुंदर’ नाही. जिथे शब्द वाकून आपले नाते सांगतो तिथे स्वल्पविरामाला काम नसते. जिथे शब्द ताठ उभा राहतो तिथे त्याला बोलवावे लागते.

तेव्हापासून वर्गातला प्रश्न बदलला. कुठे थांबायचे, असे मी विचारत नाही. मी विचारते, कोण कोणाचे? ‘लाल’ कोणाचा? ‘काल’ कोणाचा? ‘मावशी’ कोणाची, आणि ‘आली’ कोण? ज्यांचे नाते आहे त्यांच्यामध्ये खूण येऊ द्यायची नाही. ज्यांचे नाते नाही पण जे शेजारी बसले आहेत, त्यांच्यामध्ये ती आलीच पाहिजे. दमेकरी मुलीने स्वतःच मावशीपुढचा स्वल्पविराम खोडला आणि म्हणाली, “मावशीच आली ना, मग तिला आलीपासून का तोडायचं?” युरोपीय भाषांनी या चिन्हाचे नाव ग्रीक शब्दावरून घेतले, त्याचा अर्थ कापलेला तुकडा. आपण नाव दिले थांबण्यावरून. त्या मुलीने त्या रविवारी दोन्हींच्या पलीकडचे काहीतरी पाहिले.

हिंदी शाळेत एक वाक्य प्रत्येक मूल शिकून येते: रोको मत जाने दो. ‘रोको’नंतर खूण दिली तर माणूस अडकतो, ‘मत’नंतर दिली तर सुटतो. मुलांनी ते उत्साहाने मला सांगितले. मी म्हटले, आता हेच मराठीत करून दाखवा. बराच वेळ खटपट केली, जमेना. कारण मराठीत एकतर ‘अडवा, जाऊ देऊ नका’ असे होते, नाहीतर ‘अडवू नका, जाऊ द्या’. हिंदीतला ‘मत’ दोन दारांच्या मध्ये उभा राहतो आणि कुठल्याही दारात जाऊ शकतो. मराठीत ‘नका’ ज्याच्याजवळ जातो त्याचे रूपच पालटून टाकतो. ‘अडवा’चे ‘अडवू’ होते, ‘द्या’चे ‘देऊ’ होते. माणूस सुटला की अडकला, हे क्रियापदाच्या अंगावर लिहिलेले असते. होडीवाल्या मुलाने विचारले, “मग मराठीला स्वल्पविराम लागतच नाही का?” असा प्रश्न पडावा म्हणूनच मी वर्ग घेते.

लागतो, पण वेगळ्या जागी. मागे दिवाळीत इंदूरच्या बहिणीबद्दल कानावर आले, की ती यंदा येणार नाही. मी मोबाइलवर विचारले, “तुम्ही येणार नाही असं कळलं, खरं का?” उत्तर आले: “नाही येणार”. मी वाचले तसेच समजले. चकल्या बेताच्याच केल्या, गाद्या उन्हात टाकल्या नाहीत. धनत्रयोदशीच्या संध्याकाळी पाच माणसे बॅगा घेऊन दारात. तिच्या मनात होते, “नाही, येणार.” म्हणजे तू ऐकलेस ते खरे नाही, आम्ही येणार आहोत. तिने फोनवर सांगितले असते तर तिच्या ‘नाही’ची घसरण आणि ‘येणार’ची उसळी मला ऐकू आली असती. लिहिताना आवाज गळून गेला, आणि त्याच्या जागी ठेवायची एवढीशी खूण राहून गेली. पाच माणसांचे येणे त्या खुणेत मावले असते.

जगात इतरत्र या खुणेची किंमत पैशांतही मोजली गेली आहे. अमेरिकेतल्या मेन राज्यात दूध वाहून नेणाऱ्या चालकांनी जादा कामाच्या मोबदल्यासाठी दावा केला. कायद्यात वगळलेल्या कामांची यादी होती, आणि तिच्या शेवटच्या दोन बाबींमध्ये स्वल्पविराम नव्हता. वाटप हे वेगळे काम, की पाठवण्यासाठी किंवा वाटपासाठी माल बांधणे हे एकच काम, एवढाच वाद होता. 2017 साली न्यायालयाने चालकांचे म्हणणे उचलून धरले, आणि पुढच्या वर्षी 50 लाख डॉलरवर तडजोड झाली. इंग्रजीने आपले जुने विभक्तिप्रत्यय बहुतेक टाकून दिले. तिथे शब्दाची जागा आणि ही खूण यांच्यावरच वाक्याचा भार असतो. म्हणून इंग्रजीचे नियम पाठ करून मराठीत स्वल्पविराम देणारा माणूस त्यांची खैरात करतो. ‘तो म्हणाला की’ याच्या पुढे कितीजण खूण देतात! ‘की’ हा शब्दच तिथे उभा राहून दार उघडतो आहे, त्याला आणखी पहारेकरी कशाला? मी स्वतः ती खूण द्यायचीच तर ‘की’च्या आधी देते, दार उघडण्यापूर्वी उंबरठ्यावर क्षणभर थांबावे तशी. आकड्यांतही हेच आहे. आपण 10,00,000 लिहितो, परदेशात अनेक ठिकाणी 1,000,000. रक्कम एकच, पण आपली खूण आपल्या जिभेवरच्या ‘दहा लाख’चे ऐकते.

खुणांशिवाय लिहिलेले कसे वाचायचे, याचा धडा भोपाळपासून पन्नास किलोमीटरच्या आत, सांचीला आहे. स्तूपाच्या कठड्यांवर, फरसबंदीवर शेकडो छोटे लेख कोरलेले आहेत. कोणी एक दगड दिला, कोणी एक खांब. भिक्षू आहेत, भिक्षुणी आहेत, व्यापारी आहेत, विदिशेच्या हस्तिदंत कोरणाऱ्या कारागिरांचे नाव तोरणावर आहे. या लेखांची लिपी शतकानुशतके कोणालाच वाचता येत नव्हती. कोलकात्याच्या टांकसाळीत काम करणाऱ्या जेम्स प्रिन्सेपकडे कॅप्टन एडवर्ड स्मिथने या लेखांचे ठसे पाठवले. 1837 साली प्रिन्सेपच्या लक्षात आले, की बहुतेक लेख त्याच दोन अक्षरांनी संपतात. इतकी माणसे एकाच जागी येऊन छोटासा लेख कोरतात, तेव्हा ती काय सांगत असतील? त्याने ताडले, की शेवटचा शब्द ‘दानं’ असावा. आणि त्याच्याआधी वारंवार येणारे अक्षर म्हणजे षष्ठीचा ‘स’ असावा: अमक्याचे दान. या दोन आधारांवर ब्राह्मी लिपीची सारी कुलपे उघडली, आणि त्याच लिपीतल्या लेखांतून सम्राट अशोक पुन्हा बोलू लागला.

मुलांना मी सांचीला नेते तेव्हा हे सांगते. त्या दगडांवर विरामचिन्हे नाहीत, तरी लेखाचा शेवट त्याच्या शेवटच्या शब्दाने ओळखला, आणि पोट त्याच्या षष्ठीने. प्रिन्सेपने दगडाला जो प्रश्न विचारला तोच आपण वर्गात वाक्याला विचारतो: कोण कोणाचे? आपल्या भाषांना हा प्रश्न फार आधीपासून माहीत आहे, आणि त्याचे उत्तर त्या आधी प्रत्ययाने देतात. प्रत्यय अपुरा पडला, तरच खुणेकडे वळतात. मराठीचे वाक्यही ‘आहे’, ‘होता’, ‘गेली’ असे क्रियापदाने बहुधा स्वतःच मिटते. पूर्णविराम हा त्या मिटलेल्या दारावरचा शिक्का असतो. दाराच्या आतली व्यवस्था ही खरी अवघड गोष्ट.

शिक्का हा शब्द मी उगीच वापरला नाही. मराठी या परिसरात लेखी स्वरूपात मोठ्या प्रमाणात आली ती घोड्यावरून आणि मोडीतून. डिसेंबर 1737 मध्ये पहिल्या बाजीरावाने निजामाला भोपाळजवळ कोंडले, आणि जानेवारी 1738 मध्ये इथून जवळच्या दोराहा इथे तह झाला. त्या मोहिमेची पत्रे मोडीत लिहिली गेली. मोडी लिहिणारा आधी पानभर शिरोरेघ ओढून घेई आणि मग बोरू शक्यतो न उचलता अक्षरे तिला लटकवत जाई. दोन शब्दांमध्ये फट नसे, खुणा नसत. तरी त्या पत्रांवर राज्ये चालली. कशी चालली? शब्दच खुणा होते. ‘विज्ञापना ऐसीजे’ म्हटले की मायना संपला, मजकूर सुरू झाला. ‘बहुत काय लिहिणे’ म्हटले की मजकूर संपला. आणि त्याखाली एक लहान मोहर उमटे, ‘लेखनसीमा’ किंवा ‘मर्यादेयं विराजते’ अशा अक्षरांची, म्हणजे याच्या पुढे कोणी काही घुसडू नये. पूर्णविरामासाठी राज्यकर्त्यांनी एक मुद्दाम शिक्का कोरून घेतला होता. स्वल्पविरामासाठी मात्र काही केले नाही. तो वाचणाऱ्यावर सोपवला. पत्र वाचून दाखवणारा कारकून मोठ्याने वाचे, आणि कुठे थांबायचे ते त्याच्या कानाला कळे.

ही सोय मोडली ती छापखान्याने. छापलेले पुस्तक माणूस एकटा वाचतो, मनात वाचतो. शेजारी वाचून दाखवणारा कारकून नाही, कीर्तनकार नाही, पुराणिक नाही. आवाज निघून गेल्यावर त्याची जागा कशाने तरी भरायला हवी होती. मराठीत ते काम मेजर थॉमस कँडी यांच्या नावावर आहे. हे इंग्रज लष्करी अधिकारी. मोल्सवर्थ यांच्या 1831 च्या मराठी-इंग्रजी कोशाच्या कामात ते आणि त्यांचे जुळे भाऊ जॉर्ज होते. 1847 चा इंग्रजी-मराठी कोश त्यांनी पुरा केला, आणि 1850 मध्ये ‘विरामचिन्हांची परिभाषा’ हे छोटे पुस्तक काढले. त्यानंतर मराठी गद्याने हळूहळू ही चिन्हे अंगावर घेतली, टिंबासकट. कँडींच्या हातून मराठी वाक्याला इंग्रजी वळण लागले, अशी तक्रार आपल्याकडे झाली, आणि तिच्यात तथ्य आहे. पण परक्या माणसाने आपल्या भाषेचे शब्द वर्षानुवर्षे गोळा केले, आणि मग त्या शब्दांच्या मधल्या रिकाम्या जागेकडेही पाहिले, याबद्दल मला कृतज्ञता वाटते. घरातल्या माणसाला आपल्या घरातली शांतता ऐकू येत नाही. ती बाहेरून आलेल्याला येते.

माझ्या आजीला कँडी ठाऊक नव्हते. ती चौथीपर्यंत शिकली. नागपूरहून तिचे आंतरदेशीय पत्र यायचे, त्यात जागा कमी आणि सांगायचे फार. पहिल्या ओळीपासून चिकटवायच्या घडीपर्यंत एकही खूण नसायची. तरी ते पत्र वाचताना आम्ही कधी अडखळलो नाही. कारण तिच्या पत्रात ‘बरं का’ असायचे, ‘हो’ असायचे, ‘म्हटलं’ असायचे, ‘तर मग’ असायचे. वाक्य लांबत चालले की मध्येच ‘बरं का’ येई आणि आपण एक म्हणेपर्यंत थांबत असू. मला आता वाटते, आजी विरामचिन्हे देत होती, फक्त शब्दांत देत होती. माझ्या वर्गातल्या मुलांची तऱ्हा आणखी निराळी. ती मोबाइलवर एक वाक्य चार तुकड्यांत पाठवतात: ‘आई’, मग ‘निघालो’, मग ‘पाऊस आहे’, मग ‘उशीर होईल’. पाठवण्याची कळ दाबणे हाच त्यांचा स्वल्पविराम. ते वाईट आहे असे मी म्हणणार नाही. त्यांनाही कळते आहे, की समोरच्याला सगळे एका दमात देऊ नये. एवढेच, की तुकडे जोडून एक वाक्य उभे करायची सवय जाते, आणि ज्याला वाक्य उभे करता येत नाही त्याला दोन गोष्टींमधले नाते सांगता येत नाही. ‘पाऊस आहे, म्हणून उशीर होईल’ यातला ‘म्हणून’ कुठल्याच तुकड्यात नव्हता.

वर्गातला सर्वांत आवडता खेळ जोडशब्दांचा आहे. ‘आई, वडील’ आणि ‘आईवडील’. पहिल्यात दोन माणसे आहेत, शेजारी उभी. दुसऱ्यात दोन माणसांचे एक छप्पर झाले आहे. ‘दोन, चार लाडू’ म्हटले तर हिशोब आहे. ‘दोनचार लाडू’ म्हटले तर आग्रह आहे, मोजणारच नाही. ‘चहा, पाणी’ मागवावे लागते, ‘चहापाणी’ होऊन जाते. समास म्हणजे स्वल्पविराम विरघळून जाणे. जी नाती फार वर्षे एकत्र राहिली, त्यांच्यातली खूण भाषेने काढून घेतली. आणि जी अजून दोन आहेत, त्यांच्यात ती ठेवली. कोणते एकजीव झाले आणि कोणते नुसते सोबत आहेत, याचा इतका हळुवार हिशोब मी दुसरीकडे कुठे पाहिलेला नाही.

या मुलांनाही लोक विचारतात, तुम्ही मराठी की भोपाळी? त्यांना याचे उत्तर एका शब्दात देता येत नाही, आणि देऊ नये असे मला वाटते. त्यांच्या घरात वरणभातावर लिंबू पिळले जाते आणि न्याहारीला पोहे-जिलेबी येते. त्यांची मराठी ‘मी जाऊन राहिलो’ म्हणते, कारण ती नागपूरहून आली आणि इथल्या हिंदीच्या शेजारात राहिली. या दोन गोष्टी विरघळून एक झालेल्या नाहीत, आणि तुटलेल्याही नाहीत. त्या शेजारी आहेत, मध्ये एक म्हणेपर्यंतचे अंतर आहे. ते अंतर चुकून पुसले जाऊ नये आणि रुंदही होऊ नये, एवढ्यासाठी हा रविवारचा खटाटोप.

भोपाळचा माणूस भेटला की ‘को खां’ म्हणतो. त्या दोन शब्दांनंतर तो किंचित थांबतो. तुम्ही मान वळवावी, तुमचे लक्ष त्याच्याकडे यावे, मग पुढचे बोलावे, यासाठीचे ते थांबणे. संबोधनानंतर स्वल्पविराम द्यावा, हा व्याकरणातला सर्वांत सोपा नियम, आणि मी तो सर्वांत शेवटी शिकवते. कारण इतर सगळ्या जागी ही खूण वाक्यातल्या शब्दांची नाती सांगते. इथे ती लिहिणाऱ्याचे आणि वाचणाऱ्याचे नाते सांगते. हाक मारून झाली, आता तू बघशील तोवर मी थांबतो.

गेल्या रविवारी सर्वांना पत्र लिहायला सांगितले. तीच मुलगी, जिच्या वहीत रेघ आणि टिंब भांडत होते. तिची आजी नागपूरला असते आणि आता फार कमी ऐकू येते तिला, म्हणून फोनवर बोलणे होत नाही. इतर मुले भराभर लिहीत होती. ही पेन दातात धरून खिडकीबाहेर बघत बसली होती. वेळ संपत आला तेव्हा मी जवळ जाऊन पाहिले. वहीत ‘आजी’ एवढाच शब्द होता, आणि त्याच्यापुढे, अगदी योग्य जागी, एक स्वल्पविराम. मी काही बोलले नाही. बाकीच्या मुलांना सोडले आणि तिच्यासाठी वर्गाचा दिवा चालू ठेवला.